दक्षिण केबिनमधून परत ठोके देणाऱ्या व्यक्तीस

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, धंदा वजनकाटे दुरुस्ती, रेल्वे वारसा संग्रहालयाचा स्वयंसेवक क्रमांक नऊ, ज्याला सगळे वॉशर म्हणतात, आज शनिवारी दुपारी, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही धाक दाखवलेला नसताना (मला धाक दाखवावा लागत नाही, तो मी घरूनच घेऊन निघतो) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. ताप नाही. सकाळपासून दोनदा पाहिला.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. लहानपणी टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका चिठ्ठीत माझ्या सगळ्या गोट्या ताईला लिहून दिल्या होत्या. ती चिठ्ठी या लेखाने रद्द होते. ताई, गोट्या परत कर.

कारण असे की, उद्या रविवारी आमचे छोटे इंजिन, ज्याला आम्ही ठेंगणी म्हणतो, चाळीस वर्षांनी पहिल्यांदा वाफेवर चालणार आहे. शेडपासून सिग्नलपर्यंत चारशे मीटर, आणि परत. चालवणार निवृत्त ड्रायव्हरकाका, कोळसा टाकणार मी. बॉयलर तपासनिसांनी पास केला आहे. पाण्याच्या दाबाची चाचणी दोनदा झाली, दुसऱ्यांदा माझ्या विनंतीवरून. तिसऱ्यांदा केलेली विनंती नामंजूर झाली.

सगळ्यांना एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'अपघात झाल्यास कोणास कळवावे' असे विचारून पुढे एकच ओळ ठेवली होती. मी 'आई' लिहिले आणि तीन दिवस पेन हातात धरून बसलो. कारण आईला कळले की सगळ्या आळीला कळेल हे खरे, पण मला आणखी एका व्यक्तीला कळवायचे होते आणि ती व्यक्ती कोण हेच मला ठाऊक नाही. शेवटी तिकीट खिडकीवर बसणाऱ्या वकीलकाकू (वकिली बत्तीस वर्षे, आता निवृत्त) वैतागून म्हणाल्या, "अरे, एका ओळीत मावत नसेल तर मृत्युपत्रच कर ना! आणि माझं डोकं सोड."

त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या. मी पुढच्या वेळी येताना फुलस्केप कागद घेऊन आलो.

काकूंनी दोन नियम सांगितले. पहिला, सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत. दुसरा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करायचे नाही. "चमचासुद्धा ठेवलास ना, तर तो माणूस साक्षीला बाद," असे त्या म्हणाल्या. हा दुसरा नियम मला फार जड गेला. त्याबद्दल कलम ८ मध्ये.

कलम १. घर. मला घर नाही. आईच्या घरातली खिडकीकडची अर्धी खोली आहे, पडद्यापर्यंत. ती पडद्यासह आईला परत जाते. पोस्टातली बचतही आईची. आई, कपाटावरच्या खोक्यात स्क्रू आहेत, ते मापाप्रमाणे लावलेले आहेत. दाजींना त्यात हात घालू देऊ नकोस. मी गेलो तर रडणे साहजिक आहे, पण गॅस बंद आहे का ते आधी बघ.

कलम २. दुकानातली माझी हत्यारे दुकानाच्या मालकांना, ज्यांनी मला नववीनंतर कामाला ठेवले. (मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर घरात दोन मते आहेत.) मालकांनी पहिल्या दिवशी मला एक काटा दाखवून विचारले, "यात काय बिघडलंय?" मी म्हणालो, "काही नाही." ते म्हणाले, "उद्यापासून ये. बिघडलेलं नसताना बिघडलंय म्हणणारे माझ्याकडे खूप आहेत." तपासणीच्या वजनांची छोटी पेटी मात्र दुकानाची नसून माझी आहे. तीही त्यांनीच घ्यावी. पाच ग्रॅमच्या वजनाला हाताने धरू नये, चिमट्याने धरावे. हे त्यांनीच मला शिकवले आणि तेच कधी पाळत नाहीत.

कलम ३. संग्रहालयाला मी माझा डबा ठेवतो. ज्यांना मागचे ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो.

पावणेतीन वर्षांपूर्वी दुकानात निरोप आला की संग्रहालयाच्या पार्सल ऑफिसातला मोठा जुना काटा सगळ्यांना चार किलो जास्त दाखवतो. संग्रहालय अकरा वर्षे कुलूपबंद होते. मास्तरांनी, म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तरांनी, एक्याऐंशीव्या वर्षी सात-आठ माणसे गोळा करून ते नुकतेच उघडले होते. मी काटा दुरुस्त करायला गेलो तो अजून परत आलेलो नाही. काट्याच्या पोटात, दांड्याखाली, कोणाचा तरी जेवणाचा डबा अडकलेला निघाला. तो आता काचेच्या कपाटात आहे आणि त्याखाली 'डबा. मालक अज्ञात.' अशी पाटी आहे. माझा डबा त्याच्या शेजारी ठेवावा. पाटी 'डबा. मालक ज्ञात.'

ही पाटी पेंटरने रंगवावी. पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारी, स्वयंसेवक क्रमांक सहा. गावातल्या निम्म्या दुकानांची नावे तिच्या हातची आहेत. आमची ओळख शिडीवर झाली. ती वर चढून 'प्रतिक्षालय' रंगवत होती. मी खालून म्हणालो, "त्यातली 'ती' दीर्घ असते."

ती वळून न बघता म्हणाली, "मग वर ये आणि कर लांब."

मला उंचीची भीती वाटते. मी वर गेलो. आजपर्यंत एवढ्या उंचीवर मी फक्त त्याच दिवशी गेलो आहे.

पहिली दोन वर्षे आठवड्याला अकरा पाहुणे येत. त्यातले चौघे स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला येत. शेडचे छप्पर गळत होते. दक्षिण केबिनचा जिना किडला होता आणि 'प्रवेश बंद' लिहूनही लोक चढत. तेव्हा पेंटरने नवी पाटी लावली, 'या केबिनमध्ये भूत नाही.' पुढच्या रविवारी जिन्यापाशी चाळीस माणसांची रांग होती. मास्तर घाबरून म्हणाले, "पाटी काढा!" काकू म्हणाल्या, "पाटी राहू दे. जिना दुरुस्त करा. मी तिकिटं छापते."

आमची भूतशोध सहल अशी सुरू झाली. जागेच्या परवानगीप्रमाणे पाचला सगळ्यांनी बाहेर पडायचे असते, त्यामुळे आमचे भूत रविवारी दुपारी तीन ते पावणेपाच या वेळातच येते. काचांना काळा कागद लावला की केबिनमध्ये छान अंधार होतो. भूत एकदाही उशिरा आलेले नाही.

कलम ४. कबुली. भूत मी आहे.

आवारात दोन केबिन आहेत, उत्तर आणि दक्षिण, मध्ये तीनशे मीटर. प्रत्येकीत एक पितळी घंटा आणि एक बटण. उत्तरेचे बटण दाबले की दक्षिणेची घंटा वाजते, दक्षिणेचे दाबले की उत्तरेची. पूर्वी दोन केबिनमधली माणसे याच घंटांनी गाड्या पुढे पाठवत. एक ठोका म्हणजे 'लक्ष द्या'. दोन म्हणजे 'रस्ता मोकळा आहे का?' तीन म्हणजे 'गाडी निघाली'. चार म्हणजे 'गाडी पोचली'. सहा म्हणजे 'धोका, सगळे जागच्या जागी थांबवा'. आणि मुख्य नियम असा की, जेवढे ठोके आले तेवढेच्या तेवढे परत द्यायचे, म्हणजे पाठवणाऱ्याला कळते की आपले नीट ऐकले गेले. मास्तर म्हणतात, "ज्या केबिनमधून ठोके परत येत नाहीत तिथला माणूस मेलाय किंवा झोपलाय, आणि रेल्वेला दोन्ही सारखंच."

वायर मी जोडली. पाहुणे दक्षिण केबिनमध्ये बाकांवर बसतात, मास्तर खर्जात गोष्ट सांगतात, मी उत्तर केबिनमध्ये घड्याळ घेऊन बसतो आणि तीन वाजून वीस मिनिटांनी बटण दाबतो. घंटा वाजते आणि तीस माणसे एकदम किंचाळतात. ते किंचाळणे मला तीनशे मीटरवर ऐकू येते. त्यासारखा आनंद मला पूर्वी कशातच मिळाला नव्हता.

सहाव्या रविवारी मी एक ठोका दिला आणि माझ्या घंटेवर एक ठोका परत आला.

मी खुर्चीवरून पडलो. उठून, नियम म्हणून, दोन दिले. दोन आले. तीन दिले, तीन आले. थोडे थांबून तिकडून चार आले, म्हणजे गाडी पोचली. मी चार परत दिले. तेव्हापासून, एखादा अपवाद सोडला तर, दर रविवारी आमची एक गाडी जाते. आजवर एकवीस गाड्या गेल्या. एकाही गाडीला डबा नव्हता, इंजिन नव्हते, आणि एकही उशिरा पोचली नाही. सगळ्यांची नोंद, वेळेसह, माझ्या वहीत आहे.

ठोके कोण देते, हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर कळले असते, म्हणूनच विचारले नाही. दक्षिण केबिनमध्ये बटणापर्यंत हात पोचेल अशा जागी तिघे असतात. मास्तरांचा हात थरथरतो, आणि हे ठोके एकसारखे येतात. ड्रायव्हरकाकांना कमी ऐकू येते. तिसऱ्या नावाविषयी मी काही लिहीत नाही. खरे भूतही असू शकेल. अकराव्या रविवारी ठोके परत आले नाहीत आणि त्या रविवारी पेंटर तापाने घरी होती, अशी वहीत नोंद आहे. त्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढलेला नाही.

कलम ५. दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, मी ड्रिल मशीन ठेवतो, जे दोन वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे. शिवाय सत्य ठेवतो.

दाजी जिथे जातील तिथे सांगतात की मेव्हण्याला मिक्सरची भीती वाटते. (भीती वाटते. झाकण उडू शकते.) सतराव्या रविवारी ते भूतशोधाला टॉर्च घेऊन आले आणि तिकीट खिडकीवरच म्हणाले, "मेव्हणे, आज तुमचं भूत कॉलर धरून बाहेर काढतो." गोष्ट रंगात आली असता ते उठले आणि "ही वायर कुठे जाते ते बघतोच" म्हणत जिना उतरले. हे मला मागाहून कळले. मला त्या वेळी फक्त माझी घंटा ऐकू आली. सहा ठोके.

सहाचा अर्थ मी वर दिला आहे. जागच्या जागी थांबायचे. मास्तरांनी हे माझ्याकडून पन्नासदा घोकून घेतले आहे. मी थांबलो नाही. तिकडे त्या व्यक्तीला काहीतरी झाले, एवढेच माझ्या डोक्यात आले आणि मी पळत सुटलो. त्या दिवशी सकाळी मी ठेंगणीच्या भट्टीत शिरून काजळी खरवडली होती आणि तोंड धुतले नव्हते. डोळे सोडून सगळा काळा होतो. शेडच्या कोपऱ्यावर दाजी समोर आले. मी म्हणालो, "बाजूला व्हा!" ते बाजूला झाले नाहीत, खाली बसले. मी त्यांच्यावरून उडी मारून दक्षिण केबिनचा जिना चढलो आणि दार उघडले. तीस माणसांनी मला पाहिले. अभिप्रायाच्या वहीत त्या दिवशी चार पाने भरली आहेत.

दाराशी पेंटर होती. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितले आणि हळूच म्हणाली, "बावळट, सहाला थांबायचं असतं." मग दाराचा पडदा माझ्या तोंडावर ओढला.

दाजी तेव्हापासून गावभर सांगतात, "मी भूत पाहिलं, त्यानं मला हाक मारली, त्याला माझं नाव ठाऊक होतं." त्यांच्यामुळे पुढचे चार रविवार जागा पुरली नाही. मिक्सरचा विषय निघालेला नाही. दाजी, ते मी होतो. पण माझ्या मरणानंतरही तुम्ही हे कोणाला सांगू नये अशी संग्रहालयाची विनंती आहे, कारण शेडच्या छपराचा अजून एक कोपरा राहिला आहे.

कलम ६. मास्तरांना काही ठेवले असते, पण ते साक्षीदार आहेत. म्हणून नुसती सूचना करतो. गोष्ट सांगताना 'आणि त्या क्षणी' म्हटल्यावर थोडे थांबावे. माझे बोट बटणावर पोचायला वेळ लागतो.

ड्रायव्हरकाकांना काही नको आहे. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "काय? कोळसा? कोळसा भरपूर आहे."

कलम ७. दक्षिण केबिनमधून परत ठोके देणाऱ्या व्यक्तीला, ती जी कोणी असेल तिला (भूत असल्यास हरकत नाही), मी पुढील गोष्टी ठेवतो.

एकवीस गाड्यांची वही.

पत्रे तोलण्याचा पितळी काटा, जो मी मोडीतून आणून बसवला. त्याच्यावर एका बाजूला कोरा कागद आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच मापाचा लिहिलेला कागद ठेवला तर शाईचे वजन कळते. हे मी कोणाला दाखवलेले नाही. पहिल्यांदा त्या व्यक्तीलाच दाखवायचे होते.

माझी सायकल. मागचे कॅरियर मजबूत केले आहे. आजवर त्यावर कोणी बसलेले नाही.

आणि वरच्या कोणत्याही कलमात न आलेले माझे जे काही असेल ते सगळे, आजचे आणि यापुढे होणारे. काकू म्हणाल्या की मृत्युपत्रात असे एक वाक्य शेवटी टाकावेच लागते, नाहीतर काहीतरी राहून जाते. मला ते वाक्य फार आवडले. मी ते चार वेळा वेगवेगळ्या कागदांवर लिहून पाहिले.

त्या व्यक्तीला एवढेच सांगायचे आहे. मला गॅसची, शिडीची, मिक्सरची, बॉयलरची आणि फोन वाजल्याची भीती वाटते. रविवारी तीन वीसला मला कशाचीच भीती वाटत नाही. एकच वाटते, की मी एक ठोका देईन आणि परत येणार नाही.

कलम ८. पेंटर हिला मी काहीही ठेवत नाही.

हे रागाने लिहिलेले नाही. झाले असे की मला दुसरा साक्षीदार मिळत नव्हता आणि ती आपणहून म्हणाली, "मी करते. माझी सही फर्स्ट क्लास आहे." मी हो म्हणालो. नियम मागाहून आठवला. कच्च्या कागदावर तिच्या नावापुढे अकरा वस्तू लिहिल्या होत्या, त्या एकेक करून खोडल्या. शेवटी चमचा राहिला होता, तोही खोडला. फक्त सूचना करतो. माझ्या नावाची पाटी रंगवावी लागली तर तिनेच रंगवावी. तपासायला मी नसेन, तेव्हा जसे येईल तसे लिहावे. मी खालून काही म्हणणार नाही.

येथे मृत्युपत्र संपले. कागद सहा, सगळे एकाच शाईने लिहिलेले. खाडाखोड नाही.

पुरवणी. त्याच दिवशी, सायंकाळी पाचला दहा मिनिटे असताना. खाडाखोड झाली, म्हणून ही पुरवणी.

चार वाजता दक्षिण केबिनमध्ये काकू, मास्तर, पेंटर आणि मी जमलो. ड्रायव्हरकाका खाली ठेंगणीला तेल देत होते. मी सही केली. मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली, तिला सव्वा मिनिट लागले. मग काकूंनी पेन पेंटरपुढे धरले. "वाचायची गरज नाही गं. नुसती सही कर."

"अक्षर समोर आलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही," पेंटर म्हणाली आणि बाकावर मांडी घालून वाचू लागली. गोट्यांना हसली. दाजींच्या कलमाला इतकी हसली की मास्तरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग कलम सात आले आणि हसू थांबले. मी छतावरचे खिळे मोजत होतो. चौतीस. तिने पान उलटून कलम आठ वाचले, पुन्हा मागे येऊन सात वाचले, कागद टेबलावर सरळ ठेवला आणि पेन खाली ठेवले.

"मला सही करता येणार नाही," ती म्हणाली.

"का? शुद्धलेखनाची चूक आहे का?" मी विचारले.

"चूक नाही."

"मग झालं काय?" काकू म्हणाल्या. "आत्ता तर फर्स्ट क्लास सही म्हणत होतीस!"

"काकू, तुमचाच नियम आहे ना? ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नाही?"

"हो. पण तुला तर यानं चमचासुद्धा ठेवलेला नाही. मी स्वतः तपासलंय."

पेंटरने पेन उचलले. ते उलटे धरले आणि माझ्याकडे बघत टेबलावर एक ठोका दिला.

माझा हात आपोआप पुढे गेला. मी बोटाने एक परत दिला.

"हे काय चाललंय?" काकू म्हणाल्या.

"काकू, जरा गप्प बसा," मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर सरळ केली होती आणि ते उठून उभे राहिले होते. "गाडी येतेय."

पेंटरने दोन ठोके दिले. रस्ता मोकळा आहे का?

मी मोजून दोनच दिले. खाली ड्रायव्हरकाका ओरडले, "काय रे, वर कोण आलंय?" त्यांना कसे ऐकू गेले ते देवाला ठाऊक.

सबब, साक्षीदार क्रमांक दोन बदलण्यात येत आहे. ड्रायव्हरकाकांना वर बोलावून, कशावर सही करतोय ते तीनदा मोठ्याने सांगून, त्यांची सही घेतली. त्यांच्या बोटाचे तेल कागदाला लागले आहे, ते खाडाखोड समजू नये. पुरवणीवर सगळ्यांनी पुन्हा सह्या केल्या.

मृत्युपत्र करणार: वॉशर (सही)

साक्षीदार १: मास्तर (सही, थरथरती पण खरी)

साक्षीदार २: ~~पेंटर~~ खोडले. कारण, कलम ७. ड्रायव्हरकाका (सही व तेल)

ठिकाण: दक्षिण केबिन, वरचा मजला, बटणापाशी

दिनांक: ७ मार्च, शनिवार. गाडी क्रमांक २२, वेळ चार एकोणतीस, वहीत नोंद केली.

(खालील मजकूर लाल रंगात, ब्रशने, वेगळ्या हाताचा.)

कलम ७ मधला ऐवज मला मान्य आहे, पण या मृत्युपत्राप्रमाणे नको. उद्या पावणेपाचच्या आत तो जिवंत, न भाजलेला आणि तोंड धुतलेला असा दक्षिण केबिनमध्ये पोचता करावा. सायकल सोबत आणावी. – लाभार्थी